पॉलिश पेपरला मोटार लागल्यापासून

रंधा चालवला की लाकडाची कुरळी सालपटे निघतात आणि सुताराच्या पायाशी पडतात. संध्याकाळी झाडून ती चुलीत घालता येतात. पॉलिश पेपरने निघते ते पीठ. हाताने घासताना ते थोडे बोटांवर, थोडे फळीवर राहते. पण त्याच पेपरामागे मोटार लावली की त्यातला बारीक भाग खाली बसायलाच तयार नसतो. दुपारचे तिरपे ऊन खिडकीतून आले तर तो दिसतो, एरवी दिसत नाही.

सँडिंग मशिन सुरक्षितपणे वापरायचे म्हणजे काय, या प्रश्नावर गेल्या साठेक वर्षांत झालेली बरीचशी चर्चा या न दिसणाऱ्या पिठाभोवती फिरते. त्याआधीची चर्चा बोटांची होती. आपल्याकडे याशिवाय तिसरा एक प्रश्न आहे, तो म्हणजे हे मशिन नेमके चालते कुठे. तिन्हींचा क्रमाने आढावा घेऊ. हा आढावा लाकूडकामापुरता आहे. धातूचे ग्राइंडिंग आणि दगडाचे पॉलिश यांचे प्रश्न वेगळे आहेत, त्यांचा उल्लेख लागेल तिथेच येईल.

हातातून मशिनमध्ये

जुनी पद्धत अशी होती: रंधा, मग फुटक्या काचेच्या धारेने खरवडणे, मग ८० नंबरपासून २२० नंबरपर्यंत चढत्या क्रमाने पेपर. एका पलंगाच्या घासकामात दोन दिवस सहज जात. १९२६ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टर-केबल कंपनीने हातात धरून चालवायचा बेल्ट सँडर आणला आणि हे काम मोटारीकडे जायला सुरुवात झाली. पुढे जागेवर बसवलेले डिस्क आणि बेल्ट सँडर, मग थरथरणारे चौकोनी ऑर्बिटल, आणि शेवटी ज्याची चकती फिरतेही आणि थरथरतेही ते रँडम ऑर्बिटल, अशी ही वंशावळ आहे.

आपल्या कारखान्यांत मात्र या घराण्यात एक पाहुणा कायमचा राहायला आला आहे, तो म्हणजे चार इंची ग्राइंडर. मुळात लोखंडासाठी असलेल्या या मशिनला फ्लॅप डिस्क लावायची आणि सागाच्या दाराची चौकट उतरवायची, हे दृश्य कोणत्याही टिंबर मार्केटच्या मागल्या गल्लीत दिसेल. दोन्ही मशिने हातात धरायची, दोन्हींना पेपर लागतो, एवढेच साम्य. रँडम ऑर्बिटलची चकती लाकडावर टेकली की तिची फिरकी मंदावते, उरते ती दोन-पाच मिलिमीटरची थरथर. ग्राइंडरची चकती मिनिटाला दहा हजारांहून जास्त फेरे घेते आणि टेकली तरी मंदावत नाही. म्हणून ‘सँडिंग मशिनची सुरक्षा’ असा एकच विषय धरून नियम लिहिले की ते एका मशिनला फार कडक आणि दुसऱ्याला फार सैल होतात. या क्षेत्रातल्या बऱ्याच वादांचे मूळ इथे आहे.

बोटांचा प्रश्न

या भागात मतभेद कमी आहेत. जागेवर बसवलेल्या डिस्क सँडरवर काम चकतीच्या खाली उतरणाऱ्या अर्ध्या भागावरच करायचे, कारण वर चढणारा भाग तुकडा उचलून तोंडावर फेकतो. टेबल आणि चकती यांच्यातली फट दीड मिलिमीटरच्या आसपास ठेवायची, नाहीतर बारीक तुकडा आणि त्यामागून बोट आत ओढले जाते. बेल्ट जिथे पुलीवर चढतो ती जागा झाकायची; अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा यंत्रणेच्या, म्हणजे ‘ओशा’च्या, नियमांत बेल्ट सँडरसाठी हीच जागा नेमकी सांगितली आहे. बेल्ट किंवा पेपर बदलताना पिन काढायची. यावर कोणी वाद घालत नाही, पाळतात किती हा भाग वेगळा.

वाद आहे तो हातमोज्यांचा. एक बाजू म्हणते, फिरत्या मशिनजवळ मोजा म्हणजे संकटाला आमंत्रण: साधी कातडी सोलवटली असती तिथे मोजा अडकून अख्खे बोट जाते. दुसरी बाजू ऑर्बिटल दिवसभर धरणाऱ्यांची आहे. त्यांना कातडी घासणे, शिसवीसारख्या लाकडाची खाज आणि थरथर यांपासून आडोसा हवा असतो. माझ्या मते इथे दोघेही बरोबर आहेत, फक्त दोघांच्या डोळ्यासमोर वेगवेगळी मशिने आहेत. बसवलेला डिस्क, बेल्ट किंवा ग्राइंडर असेल तर मोजे नकोत. ऑर्बिटलला घट्ट बसणारे चालतात. मनगटातला लाल दोरा, गळ्यातला पंचा आणि सैल बाही यांच्याबद्दल मात्र कोणत्याही मशिनला सवलत नाही. दोरा काढा म्हणणे अवघड जाते, म्हणून काही कारखान्यांत तो बाहीखाली घेऊन वर रबरी पट्टा चढवतात. तडजोड आहे, पण चालते.

दुसरा वाद स्विचचा. दाबून धरला तरच चालणारा स्विच हात सुटताच मशिन थांबवतो. पण आठ तास बोट दाबून ठेवणे हाही छळच, म्हणून बहुतेक मशिनांना अडकवून ठेवायचे बटण असते. परदेशी लेखनात हा वाद बोटांचा शीण विरुद्ध अपघात असा मांडला जातो. आपल्याकडे त्यात वीज येते. लाइट गेली, अडकवलेल्या स्विचसकट ग्राइंडर फळीवर तसाच ठेवून माणसे चहाला गेली आणि लाइट परत आली की मशिन एकटेच धावायला लागते. वीज परतल्यावर आपोआप सुरू न होण्याची सोय महागड्या मशिनांत असते, स्वस्तांत बहुधा नसते. सुरक्षेच्या पुस्तकांत ही ओळ तळटीपेत असते. उन्हाळ्यात भारनियमन सोसणाऱ्या गावात ती पहिल्या पानावर यायला हवी. तीच गोष्ट पिन तोडून उघड्या वायरी बोर्डात खुपसण्याची आणि त्या काडेपेटीच्या काडीने घट्ट करण्याची. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवलेल्या जोडणीचा खर्च मशिनच्या किमतीपुढे फार नाही, तरी तो पहिल्यांदा गाळला जातो.

हाय विकमची नाके

धुळीचा प्रश्न गंभीर होण्यामागे इंग्लंडमधले एक गाव आहे. बकिंगहॅमशरमधले हाय विकम खुर्च्यांसाठी प्रसिद्ध होते. १९६० च्या दशकात ऑक्सफर्ड परिसरातल्या नाक-कान-घसा शल्यचिकित्सक एस्मी हॅडफिल्ड यांच्या लक्षात आले की नाकाच्या पोकळीतला एक अत्यंत दुर्मीळ कर्करोग, अॅडेनोकार्सिनोमा, त्यांच्याकडे या फर्निचर कारागिरांमध्येच पुन्हा पुन्हा दिसतो आहे. रोगपरिस्थितीतज्ज्ञ डोनाल्ड अॅचसन यांच्यासह केलेला अभ्यास १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वसाधारण लोकसंख्येच्या तुलनेत या कारागिरांतले प्रमाण शेकडो पट निघाले. पुढच्याच वर्षी ब्रिटनने हा लाकूडकाम करणाऱ्यांचा व्यावसायिक आजार म्हणून मान्य केला. १९९५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, म्हणजे ‘आयएआरसी’ने, लाकडाची धूळ गट १ मध्ये घातली, म्हणजे माणसात कर्करोग घडवते हे सिद्ध झालेल्या गोष्टींत.

इथपर्यंत एकमत आहे. पुढे फाटे फुटतात. सर्वांत ठोस पुरावा बीच आणि ओक यांसारख्या युरोपीय कठीण लाकडांचा आहे. पाईनसारख्या मऊ लाकडांबाबत तो कमकुवत आहे, त्यामुळे काही देश दोघांना वेगळी मर्यादा लावतात. याला विरोध करणारे म्हणतात की कारखान्यात धूळ मिसळलेलीच असते, वेगळी मोजणार कशी. ब्रिटनमध्ये या अडचणीवर व्यवहारी तोड आहे: मिश्रणात कठीण लाकूड असेल तर सगळ्या धुळीला कठीण लाकडाचीच मर्यादा. आणि कर्करोग हा टोकाचा परिणाम झाला. दमा, सतत वाहणारे नाक आणि त्वचेची अॅलर्जी यांनी काम सोडावे लागणारे कारागीर त्याहून कितीतरी जास्त असतात. त्यासाठी कित्येक दशके थांबावेही लागत नाही.

किती धूळ चालेल

मर्यादांचे आकडे शेजारी ठेवले की तज्ज्ञांमधले अंतर कळते. युरोपीय संघाने १९९९ मध्ये कठीण लाकडासाठी घनमीटरला ५ मिलिग्रॅम ठरवले, २०१७ च्या निर्देशाने ते ३ वर आणले आणि जानेवारी २०२३ पासून २. फ्रान्सचा आकडा १ आहे. ब्रिटन कठीण लाकडाला ३ आणि मऊ लाकडाला ५ मानते. अमेरिकेत संशोधन करणारी ‘नायॉश’ १ सुचवते. पण नियम करणाऱ्या ‘ओशा’कडे लाकडाच्या धुळीची स्वतंत्र मर्यादाच नाही. १९८९ मध्ये तिने ५ ची मर्यादा आणली होती, ती १९९२ मध्ये न्यायालयात रद्द झाली. तेव्हापासून तिथे सर्वसाधारण धुळीचाच १५ मिलिग्रॅमचा आकडा लागू आहे. त्याच देशात, त्याच लाकडाला, १ आणि १५.

हे आकडे डोळ्यासमोर यावेत म्हणून एक हिशेब. दहा बाय बाराची, दहा फूट उंच खोली म्हणजे साधारण ३४ घनमीटर हवा. २ मिलिग्रॅमची मर्यादा म्हणजे त्या सबंध खोलीत तरंगणारी धूळ ६८ मिलिग्रॅम, मिठाच्या चिमटीहून कमी. एका दाराच्या घासकामात मशिनच्या पिशवीत जमते ते मुठीने मोजावे लागते.

कमी आकड्यांचे समर्थक सांगतात की कर्करोगकारक गोष्टीला ‘सुरक्षित’ पातळी दाखवता येत नाही, म्हणून जमेल तितके खाली जावे. दुसरी बाजू म्हणते, हाय विकमच्या जुन्या कामगारांनी घेतलेली धूळ आजच्या कारखान्यापेक्षा खूप जास्त होती. त्यावरून आजच्या कमी पातळीचा धोका काढणे हा अंदाज आहे, आणि लहान कारखान्याला १ मिलिग्रॅम गाठणे परवडत नाही. दोन्ही युक्तिवाद प्रामाणिक आहेत. कमी पातळीवरचा धोका किती, याचे आजही समाधानकारक उत्तर नाही.

ओढून घ्यायची की गाळायची

मर्यादा कोणतीही धरा, ती गाठायची कशी यावर दोन पंथ आहेत. अभियंत्यांचा पंथ म्हणतो, धूळ जिथे निर्माण होते तिथेच ओढा. मशिनला व्हॅक्यूम जोडा, चकतीची भोके तळाच्या भोकांशी जुळवा, जमल्यास जाळीदार पेपर वापरा. युरोपात अशा व्हॅक्यूमचे एल, एम आणि एच असे वर्ग आहेत: फिल्टरमधून एलमध्ये जास्तीत जास्त १ टक्का, एममध्ये ०.१ टक्का आणि एचमध्ये ०.००५ टक्का धूळ निसटू द्यायची मुभा. लाकडासाठी किमान एम धरतात. बारीक धूळ न अडवणारी कापडी पिशवी लावलेला डस्ट कलेक्टर हा तर खोलीला धूळ वाटणारा पंखाच. ढोबळ भुसा पोटात ठेवतो आणि घातक भाग हवेत परत सोडतो.

दुसरा पंथ मास्कचा. स्वस्त, लगेच मिळणारा, आणि कोरोनानंतर एन-९५ हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. भारतात अशा मास्कसाठी आयएस ९४७३ हे मानक आहे. मास्कवाद्यांचे म्हणणे व्यवहाराचे आहे: एम वर्गाच्या व्हॅक्यूमची किंमत पॉलिशवाल्याच्या सगळ्या मशिनांच्या बेरजेहून जास्त होते. अभियंत्यांचे उत्तरही व्यवहाराचेच आहे: दाढीवर मास्क बसत नाही, मे महिन्यात बेचाळीस अंशांत दुपारी तो हनुवटीवर येतो, आणि घासणाऱ्याने लावला तरी शेजारी सनमायका चिकटवणाऱ्याने लावलेला नसतो. त्यात सीलर आणि थिनरच्या वाफा धुळीच्या मास्कला जुमानत नाहीत, त्यांच्यासाठी वेगळे कार्ट्रिज लागते.

जगभरच्या मार्गदर्शक सूचनांचा कौल स्पष्ट आहे: आधी ओढणे, उरलेल्यासाठी मास्क. नाकाला बांधलेला रुमाल कोणाच्याच हिशेबात नाही. एका बाबतीत मात्र दोन्ही पंथांनी मिळून जास्त आवाज करायला हवा होता, ते म्हणजे संध्याकाळी कंप्रेसरची हवा मारून कपडे आणि फरशी झटकणे. दिवसभर जेवढी धूळ खाली बसली, ती पाच मिनिटांत परत श्वासाच्या उंचीवर येते. आणि तोवर मास्क खिशात गेलेला असतो.

साग, एमडीएफ आणि वाड्याचे दार

आपल्याकडे घासले जाते ते बीच-ओक क्वचितच. साग आणि शिसव यांच्या धुळीने त्वचेला होणारा त्रास जुना आणि नोंदलेला आहे. दोन्हींत अॅलर्जी करणारी रसायने आहेत. कर्करोगाच्या बाबतीत साग ‘कठीण लाकूड’ या सामान्य शीर्षकाखाली येतो, त्याचा स्वतःचा असा पुरावा बीच-ओकइतका पक्का नाही.

एमडीएफबद्दल कारागिरांत भीती जास्त आहे, कारण त्यात फॉर्मल्डिहाइड असलेले रेझिन असते आणि फॉर्मल्डिहाइडही गट १ मध्ये आहे. ब्रिटनच्या सुरक्षा यंत्रणेची भूमिका अशी की एमडीएफची धूळ इतर लाकडाहून अधिक घातक असल्याचा पुरावा नाही, काळजी तीच घ्यावी. यावर काही कारागीर म्हणतात की तिची बारीक धूळ जास्त वेळ तरंगते, मग ‘तीच काळजी’ पुरते कशी. हा प्रश्न रास्त वाटतो.

जुन्या रंगाचा मुद्दा या चर्चेत फार उशिरा आला. पुण्या-साताऱ्याकडच्या वाड्यांची दारे आता सजावटीसाठी विकत घेऊन ग्राइंडरने ‘नैसर्गिक’ केली जातात. त्यावरच्या जुन्या तैलरंगात शिसे असण्याची शक्यता मोठी. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाची ९० पीपीएमची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या थरांबद्दल काहीच गृहीत धरता येत नाही. इथे कोरडे यांत्रिक सँडिंग टाळावे, रंग रसायनाने उतरवावा किंवा हाताने ओले घासावे, यावर बहुतेक तज्ज्ञ एक आहेत. विजेच्या मशिनखाली पाणी मारणे हा मात्र उपाय नव्हे.

आग, आवाज, कंप

लाकडाच्या धुळीचा स्फोट होतो हे २०१२ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाने दोनदा पाहिले: जानेवारीत बर्न्स लेक, एप्रिलमध्ये प्रिन्स जॉर्ज, दोन्हीकडच्या लाकूड गिरण्यांत दोन-दोन कामगार दगावले. त्या मोठ्या गिरण्या होत्या. लहान कारखान्यात असा स्फोट होण्याइतकी दाट धूळ हवेत जमणे अवघड, आणि प्लॅस्टिक पाइपातल्या स्थिर विजेची भीती फुगवलेली आहे, असे एक मत आहे. अर्थिंगची तार ओढायला काय जाते, असे दुसरे. लहान जागेत खरा धोका साध्या आगीचा, यावर दोन्ही मते जुळतात. नायट्रोसेल्युलोज सीलर घासून निघालेले पांढरे पीठ झटकन पेट घेते. ते भरलेली पिशवी रात्रभर मशिनलाच राहिली, किंवा त्याच मशिनने जुन्या फळीतल्या खिळ्यावर ठिणगी पाडली, तर पुढचे सांगायला नको. अॅल्युमिनिअम आणि लाकूड एकाच पिशवीत जाऊ देऊ नये हेही त्यातच आले.

आवाजाचा वाद गणिताचा आहे. आपल्याकडे कारखान्यांसाठी आठ तासांची रूढ मर्यादा ९० डेसिबल. ‘नायॉश’ ८५ सांगते. शिवाय आवाज किती वाढला की वेळ निम्मी करायची, यावर एक हिशेब ५ डेसिबलचा, दुसरा ३ चा. ९५ डेसिबलच्या मशिनवर पहिला हिशेब चार तास देतो, दुसरा जेमतेम ४८ मिनिटे.

कंपाचा इतिहास १९१८ पर्यंत मागे जातो. अॅलिस हॅमिल्टन यांनी अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात हवेच्या छिन्न्या वापरणाऱ्या दगडफोड्यांची थंडीत पांढरी पडणारी बोटे तपासली होती. युरोपात आज आठ तासांसाठी २.५ मीटर प्रतिसेकंद वर्ग ही कृतीची आणि ५ ही कमाल पातळी आहे. उष्ण प्रदेशात बोटे पांढरी पडणे क्वचितच दिसते. मुंग्या आणि बधिरपणा दिसतो, आणि तो ‘हात आखडला’ म्हणून सोडून दिला जातो. कंपरोधक मोज्यांवर विसंबू नये, असे ब्रिटिश यंत्रणा सांगते. योग्य मापाचा पॅड आणि न झिजलेली चकती यांचा उपयोग अधिक.

कारखाना कशाला म्हणायचे

१९४८ च्या कारखाना अधिनियमाचे कलम १४ वाचले तर अभियंत्यांचा पंथ तिथे आधीच बसलेला दिसतो: धूळ ओढणारे साधन तिच्या उगमाच्या जास्तीत जास्त जवळ लावावे आणि ती जागा शक्य तितकी बंदिस्त करावी. अडचण ‘कारखाना’ या शब्दाची. विजेवर चालणाऱ्या ठिकाणी १० कामगार ही मूळ अट महाराष्ट्राने २०१५ च्या दुरुस्तीने २० वर नेली. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, हाच आकडा देशभर केला. चार मिस्त्री आणि दोन पॉलिशवाले असलेली शेड यात येत नाही. जुन्या कायद्याच्या कलम ८५ ने राज्य सरकारला लहान जागाही अधिसूचनेने आत घेण्याची मुभा दिली होती.

उंबरठा वाढवण्याच्या बाजूने बोलणारे म्हणतात की तपासणीच्या ओझ्याखाली लहान उद्योग कागदोपत्री दोन तुकडे करून जगतात, त्यापेक्षा मोकळीक बरी. विरोधकांचे म्हणणे, जिथे व्हॅक्यूम नाही आणि मास्कही नाही, नेमक्या त्याच जागा आता कायद्याच्या बाहेर राहतात.

दोघांच्याही नजरेतून निसटलेली एक जागा आहे. शहरांतले फर्निचर आता बरेचसे शेडमध्ये बनत नाही, ते ग्राहकाच्या फ्लॅटमध्ये बनते. चौथ्या मजल्यावरचा हॉल तीन महिने कारखाना असतो. सोसायटीच्या तक्रारी नकोत म्हणून खिडक्या बंद, दाराला ओला कपडा, आत दोन ऑर्बिटल आणि रात्री तिथेच पथारी. बांधकाम कामगारांचा कायदा इथे लागावा असे म्हणता येते, पण १९९६ च्या कायद्यात १० लाखांपर्यंतच्या स्वतःच्या घराचे काम वगळले होते आणि नव्या संहितेत ही सूट ५० लाखांपर्यंत गेली. एवढ्या रकमेत बहुतेक फ्लॅटचे इंटिरिअर बसते.

जे अजून ठरलेले नाही

परदेशी मानके बहुतेक सगळी पक्क्या भिंती, पक्के पाइप आणि पक्का मालक गृहीत धरून लिहिलेली आहेत. बॅगेत घालून रिक्षातून नेता येईल असे सँडिंग कसे सुरक्षित करायचे, याचे उत्तर सुटसुटीत व्हॅक्यूम आणि जाळीदार पेपर यांत असावे असे मला वाटते. त्याचे पैसे कोणी द्यायचे, हे अजून कोणत्याच कोटेशनमध्ये लिहिलेले दिसत नाही. प्लाय, सनमायका, पॉलिश, कपाटाची बिजागरी यांना वेगळी ओळ असते, धुळीला नसते. सागावर आणि आपल्या एमडीएफवर बीच-ओकच्या तोडीचे अभ्यास हवे आहेत, आणि फ्लॅटमधल्या हवेची मोजमापे तर सुरुवातीपासून हवी आहेत.

ती मिळेपर्यंत काळ थांबणार नाही. हाय विकमच्या कारागिरांत पहिली धूळ आणि नाकाचा कर्करोग यांच्यातले अंतर चार दशकांच्या आसपास होते. मुंबई-पुण्यातल्या फ्लॅटमध्ये विशीत ऑर्बिटल हातात घेतलेली मुले राजस्थान, उत्तर प्रदेश, बिहारकडून आलेली आहेत, आणि साठी गाठेपर्यंत बरीचशी परत गेलेली असतील. हॅडफिल्ड यांना धागा सापडला, कारण त्यांचे रुग्ण त्याच गावात राहिले होते आणि तिथे सगळ्यांनाच ठाऊक होते की हे खुर्च्या बनवणारे. या मुलांच्या गावाकडच्या एखाद्या जिल्हा रुग्णालयातल्या केसपेपरवर ‘व्यवसाय’ या रकान्यात तेव्हा बहुधा ‘शेती’ लिहिलेले असेल.